लाल दोऱ्याचा पाव

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुकानातून, जेवणाच्या सुट्टीत

ताई,

नमस्कार. पत्रात आधी मोठ्यांना नमस्कार करायचा, मग घरची खुशाली लिहायची आणि कामाचं शेवटी, हे तूच मला शिकवलंस, म्हणून त्याच क्रमानं जाते. इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे बेकरी नीट चालली असेल, भट्टीकाकांचा गुडघा नेहमीसारखा कुरकुरत असेल आणि तू सकाळपासून उभी असशील.

तुझं तीन पानी पत्र येऊन नऊ दिवस झाले. दुकानात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. शाळांमध्ये डोळ्यांची तपासणी झाली की आमच्याकडे आयांची रांग लागते आणि प्रत्येकीला चष्मा कालच हवा असतो. परवा एक आजोबा दोन चष्मे एकावर एक चढवून आले आणि म्हणाले, "बाई, या दोघांचा मिळून एक करून द्या." काचा घासायचं मशीन दिवसातून दोनदा रुसतं. भिंगरीच्या बाबाचंही तेच. कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट अडकते आणि हा भरल्या ताटावरून उठतो.

उशिराचं कारण मात्र हे नाही. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कागद फाडला. फोन करणार नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि तू रडलीस की मी विरघळते. हे तुलाही पक्कं ठाऊक आहे. लहानपणापासून आपलं भांडण असंच मिटत आलंय. या वेळी मला ते मिटवायचं नाही.

तू लिहिलं आहेस, "झालं गेलं गंगेला मिळालं. जे केलं ते पोरीच्या प्रेमापोटीच केलं. रविवारी येते, नवा पाव घेऊन येते, आता अगदी शुद्ध जमलाय."

नको येऊस. आणि पाव तर मुळीच आणू नकोस.

ताई, तू केसानं गळा कापलास. हे वाक्य मी चारही कागदांवर लिहिलं होतं आणि खोडलं होतं. आज खोडत नाही.

सगळं मला ठाऊकच आहे, असं तू म्हणशील. तुला तुझ्या बाजूचं ठाऊक आहे. तिकडे मंगळवारी आणि शनिवारी एक पाव कागदात गुंडाळायचा, त्याला लाल दोरा बांधायचा, गाडीवाल्याच्या हाती द्यायचा, एवढंच तुझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. माझ्याकडे काय घडत होतं ते आज बैजवार सांगते. जेवणाची सुट्टी पुरणार नाही, पण मालक बाहेरगावी गेलेत.

एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या पोटात नळी घालून तपासणी केली आणि निदान सांगितलं, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "गव्हानं कुणी आजारी पडतं का गं? आपण सगळे त्यावरच तर वाढलो." मी तुला समजावलं होतं. पुन्हा समजावते, कारण तुझ्या तीन पानांत एकदाही त्याचा उल्लेख नाही. गव्हात जो चिवटपणा असतो, ज्याच्यामुळे तुझा पाव फुगतो, तो तिच्या पोटात गेला की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. पाच वर्षांची पोर साडेतीन वर्षांच्या मुलीच्या कपड्यांत मावत होती. गहू जन्मभर बंद. दूध, लोणी, चीज हे आतडं सावरेपर्यंत, काही महिने बंद. चिमूटभरही नाही. चिमूटभर म्हणजे खरोखरच चिमूटभर.

मी घरातला गव्हाचा डबा वाटून टाकला. लाकडी पोळपाट, लाकडी चमचे, जुनी चाळणी, ज्याला ज्याला पीठ लागलं असेल ते सगळं काढून टाकलं. सासूबाईंनी तर घरात दूधच आणू नका म्हणून सांगितलं. "पोरीसमोर आम्ही प्यायचं आणि तिनं बघत बसायचं, हे काही बरं नाही," म्हणाल्या. ज्या बाईला सायीचा चहा लागायचा ती चार महिने काळा चहा पीत होती आणि तोंड वाकडं न करता पीत होती.

पाव तेवढा अडला. भिंगरीला पावाशिवाय जेवण म्हणजे जेवणच वाटत नाही, शेवटी भाची कुणाची! मी तुला म्हटलं, "ताई, तांदळाचं पीठ आणि बटाट्याचं सत्त्व, एवढ्यात काही जमतंय का बघ. वेगळं पातेलं, वेगळा साचा, वेगळं फडकं." तू म्हणालीस, "माझ्यावर सोड." मी सोडलं. तुझ्यावर आजवर जे जे सोडलं ते कधी वाया गेलं नव्हतं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या वेण्या, माझी शाळेची वही, माझं लग्न, सगळं तुझ्यावरच तर सोडलं होतं.

पहिले दोन पाव आले ते सपाट होते आणि सुरी लावली की भुगा व्हायचे. भिंगरीनं भुगा चमच्यानं खाल्ला. तिसरा आला तो मऊसूत. मग प्रत्येक पाव तसाच येत गेला. मी दुकानातल्या सगळ्यांना दाखवला. "ही माझ्या बहिणीची करामत," म्हणून सांगितलं. मालकांनी एक तुकडा मागितला तर दिला नाही, म्हटलं, "हा माझ्या मुलीचा आहे, यातला कण कुणाला मिळायचा नाही."

जूनमध्ये एकदा सासूबाईंनी तुझा पाव हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, "अगं, हा जरा जास्तच चांगला आहे. तुझ्या बहिणीला एकदा विचार तरी, यात काय काय घालते ते."

मला मिरची झोंबावी तसं झालं. मी म्हणाले, "आई, तो माझ्या माहेरचा पाव आहे. आमच्याकडे आजवर कुणी भेसळ केलेली नाही."

"तसं नाही गं म्हणत मी."

"मग कसं म्हणताय?"

त्यांनी पाव टेबलावर ठेवला. पुन्हा त्यांनी तुझ्या पावाबद्दल चकार शब्द काढला नाही.

ऑगस्टमध्ये रक्त तपासलं. आकडे निम्म्यावर यायला हवे होते, ते जागचे हललेसुद्धा नव्हते. वजनाचा काटाही तिथेच. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि फार सौम्यपणे म्हणाल्या, "घरातलं कुणीतरी हळव्या मनानं हिला काहीतरी देतंय. रागावू नका, भांडू नका, पण शोधून काढा."

मी शोधलं. कुठे शोधलं ते ऐक. माझ्यासमोर टेबलावर लाल दोऱ्याचा पाव होता, आणि मी सरळ सासूबाईंच्या कपाटाकडे गेले. त्यांच्या साड्यांच्या मागे बिस्किटांचा अर्धा पुडा सापडला.

"माझा आहे गं तो," त्या म्हणाल्या. "बिनदुधाचा चहा नुसता घशाखाली उतरत नाही. पोरीला दिसू नये म्हणून आत ठेवला."

मी काय बोलले ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. मी म्हणाले, "तुम्हाला नात जिवंत हवीय की तिच्याकडून आजी किती चांगली हे ऐकायचंय?" भिंगरी दारात उभी होती. तिच्यासमोर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि त्या माझ्या नणंदेकडे राहायला गेल्या. नवरा त्यांना सोडून परत आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "बिस्किटं तिचीच होती."

"तुला काय माहीत?"

"मीच आणून देतो दर आठवड्याला."

यावरही मी त्याला म्हणाले की तू आईचीच बाजू घेणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी दिली, आणि चोराला फोन करून ती बातमीही मीच सांगितली. आठवतं? मी तुला म्हणाले, "ताई, सासूबाईच चोरून देत होत्या. आता घरात फक्त तुझा पाव आणि माझा भात."  तू म्हणालीस, "म्हातारी माणसं असतात तशी. मनावर घेऊ नकोस."

ताई, तेव्हा बोलायचं होतंस. मैदा घातलास ते एक वेळ अडाणीपणात काढता येईल. पण एका म्हाताऱ्या बाईवर तुझं पाप चढताना तू ऐकलंस, आणि वर मलाच धीर दिलास. चारही कागद मी याच वाक्यापाशी फाडले. 

सप्टेंबरमध्ये पुन्हा नळी घालावी लागली. सासूबाई घरात नाहीत, तरी पोरीचं पोट दुखतंय, म्हणजे आजार वेगळाच असणार, असं ठरलं. तिला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. सुई टोचताना ती रडली नाही, खायला मिळत नाही म्हणून रडली. नाकावर मुखवटा धरला तेव्हा माझं बोट घट्ट पकडलं होतं, मग बोटं एकेक सैल झाली आणि मला बाहेर जायला सांगितलं. बाहेर एक निळी खुर्ची होती. मी तिच्यावर बसून तुलाच फोन केला होता. तू दुकान बंद करून येते म्हणालीस, आणि आलीसही. दीड तास बसनं आलीस, माझ्या पाठीवरून हात फिरवत बसलीस. पिशवीत तिच्यासाठी पाव होता.

आतून ती पहिल्याइतकीच सोललेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं काटेकोर पथ्य पाळून हे असं असेल तर जड औषध सुरू करावं लागेल. त्या औषधानं मुलांची वाढ खुंटू शकते. आधीच एवढीशी आहे, ताई, तिच्यात खुंटायला राहिलंय काय? मी महिनाभराची मुदत मागून घेतली. म्हटलं, घरातलं सगळं बंद करते, फक्त भात, भाजी आणि बहिणीचा पाव एवढ्यावर ठेवून बघते.

सात ऑक्टोबरला हेच तुला सांगायला आले होते. मशीन बिघडलं म्हणून दुकानाला अर्धी सुट्टी मिळाली होती, तेव्हा न कळवता बस पकडली. तुला वाटत असेल मला संशय आला होता. नव्हता आला. मी तुझ्याकडून तो पाव शिकून घ्यायला आले होते.

तू दात काढायला गेली होतीस. भट्टीकाका म्हणाले, "बसा, येतीलच ताई." त्या कोपऱ्यातल्या फळीवर पातेलं होतं, कडीला लाल दोरा, वर ओलं फडकं. फडकं मधोमध वर आलं होतं. तांदळाचं पीठ फडकं असं उचलत नाही, ताई. हे तुलाही कळतं आणि मलाही. आपण दोघी त्याच फळीखाली खेळलो.

बाबा नवी गोणी आली की मूठभर पीठ मळून आपल्या हातांत द्यायचे आणि नळाखाली धुवायला लावायचे. पांढरं पाणी वाहून गेलं की हातात चिवट गोळा उरायचा. गोळा मोठा तर पीठ चांगलं. मी तुझ्या पातेल्यातलं मूठभर काढलं आणि नळ सोडला. मनात म्हणत होते, सगळं वाहून जाऊ दे. पाणी पांढरं आलं, मग गढूळ आलं, मग स्वच्छ आलं, आणि माझ्या हातात लिंबाएवढा गोळा तसाच राहिला. ओढला तर ताणला गेला.

तेवढ्यात तू आलीस. एक गाल सुजलेला, तोंडात कापूस. माझ्या हाताकडे पाहिलंस आणि तुला सगळं कळलं. "काय झालं" असंसुद्धा विचारलं नाहीस.

"फुगतच नव्हता गं," म्हणालीस.

मी तो गोळा तुझ्यापुढे धरला.

"दोनदा विटा पाठवल्या. आपल्या बेकरीच्या कागदात विटा! लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, ताई? खाणारी एकटीच होती."

"आधी मूठभरच घातला. मूठभरानं काय होतंय? पण मूठभरानं तो धरेना, मग जरा वाढवला..."

"किती?"

"निम्मा."

आणि मग तू तो कापूस गालात सरकवत म्हणालीस, "पण दूध एक थेंब घातलं नाही. आईशपथ."

त्या क्षणी मला हसू आलं होतं, हे तुला दिसलं नसेल. तू खरंच घातलं नसशील. अर्धं वचन तू अगदी इमानानं पाळलंस. ज्यात तुझ्या हाताची शान जात नव्हती ते पाळलंस.

पत्रात तू लिहितेस, "माझा हेतू वाईट नव्हता." मान्य. तुला पोरीचं वाईट करायचं नव्हतं. तुला फक्त वाईट पाव करायचा नव्हता. पण त्या दोन्हींतून एक निवडायची वेळ आली तेव्हा तू पाव निवडलास, आणि पाच महिने दर मंगळवारी आणि शनिवारी पुन्हा निवडत राहिलीस. कुंपणानं शेत खाल्लं तर माणसानं कुणाकडे बघायचं?

आता तिची खबर, कारण तू तीन पानांत सात वेळा विचारली आहेस. तेवढं मी मोजलं. त्या दिवसापासून तुझा पाव बंद आहे. मी घरी करते. तो फुगत नाही, कापताना टेबल हलतं, बाबांनी पाहिला असता तर मला घराबाहेर काढलं असतं. भिंगरी तो चावत बसते आणि म्हणते, "आई, मस्त कडक झालाय." दहा-बारा दिवसांनी दुखणं कमी झालं. पोट मऊ लागतं. परवा शाळेतून आली आणि जिन्याखाली स्वतःभोवती गरगर फिरत बसली, मग धपकन पडली आणि हसली. वर्षभरात ती अशी फिरली नव्हती, तिला भिंगरी का म्हणतो ते मीच विसरून गेले होते. जड औषध लांबणीवर टाकलंय. रक्त जानेवारीत तपासायचं. तोवर काहीच नक्की नाही.

इथपर्यंत लिहून मघाशी मी पेन ठेवलं होतं. दोन गिऱ्हाइकं झाली, एका मुलाच्या चष्म्याची दांडी बसवून दिली. पत्र इथेच संपवावं असं फार वाटलं. तू दोषी, मी फसवलेली, खाली सही. पण मग मी आणखी एक कागद घेतला.

ताई, मला तिसऱ्याच पावाला कळलं होतं.

तो आला तेव्हा मी कागद सोडला आणि सवयीनं अंगठा दाबला. खळगा पडला आणि हळूहळू वर आला. तुकडा तोडला तर तो तुटण्याआधी ताणला. बेकरीवाल्याची मुलगी आहे मी, ताई, दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते, आणि माझ्या हातातला तुकडा काय आहे हे मला दिसलं नाही? दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. मी तो तुकडा तोंडात टाकला आणि स्वतःला म्हणाले, ताईच्या हाताला गुणच तसा आहे.

मग तुला फोन केला. विचारलं, "काय गं केलंस यात?" तू म्हणालीस, "हाताचा गुण." आपण दोघी हसलो. तू एवढ्यासाठी हसलीस की मी पुढे विचारलं नाही, आणि मी एवढ्यासाठी की पुढे विचारायचं नव्हतं. पोर आवडीनं खात होती. मी थकून घरी यायचे आणि एक गोष्ट तरी सोपी होती. शिवाय तू खोटं बोलतेस हे मान्य केलं असतं, तर मला या जगात विश्वासानं मान टाकायला जागाच उरली नसती. म्हणून मी ती मान तिथेच ठेवली, आणि सासूबाईंनी बोट दाखवलं तेव्हा त्यांच्यावर धावून गेले. त्यांना कळलं म्हणून नाही रागावले. मला कळलेलं त्या मोठ्यानं बोलल्या म्हणून रागावले.

अजून आहे.

जुलैमध्ये भिंगरी म्हणाली, "मला मावशीचा पाव नको. तो पोटात बोलतो." मी म्हणाले, नाटकं करू नकोस, मावशी एवढी उभी राहून करते. तिनं खाल्ला. पुढच्या आठवड्यात पुन्हा नको म्हणाली. मी जवळ घेतलं, गोष्ट सांगितली आणि एकेक घास तिच्या तोंडात घातला. मग ती नको म्हणायची बंद झाली. मला वाटलं, सवय झाली. सप्टेंबरात, नळी घालायच्या दोन दिवस आधी, तिच्या बाहुलीच्या पेटीत वाळलेले तुकडे सापडले, एकावर एक नीट रचून ठेवलेले. पाच वर्षांच्या पोरीला जे कळलं त्यावर तिनं तिच्या परीनं उपाय केला होता. आणि मी तिला अन्न वाया घालवतेस म्हणून फटका मारला. लाल दोऱ्याचा पाव तू पाठवत होतीस, पण तिच्या तोंडात माझा हात जात होता.

म्हणून तुला माफ करते असं लिहायला बसले असेन असं समजू नकोस. माझा दोष मोठा म्हणून तुझा लहान होत नाही. मला वाटतं तो आपल्या दोघींचा वेगवेगळा, पुरेपूर आहे. तुला अडाणीपणाचा आडोसा आहे, मला तेवढाही नाही, इतकाच काय तो फरक.

सासूबाईंना नवऱ्यानं सात ऑक्टोबरलाच फोन करून सांगितलं, "आई, ते तिच्या बहिणीच्या पावातून जात होतं." त्या म्हणाल्या म्हणे, "बरं झालं सापडलं. आता पोरगी सुधारेल." एवढंच. परत येते म्हणाल्या नाहीत, आणि मी आणायला गेले नाही. नणंदेचं घर इथून तीन थांबे आहे. पाच आठवडे मी त्या बसमध्ये बसते आणि आपल्या थांब्यावर उतरते. मी फसवली गेले, एवढंच त्यांना माहीत आहे. त्यांना माझी कीव येत असेल, आणि ती मी गुपचूप घेते आहे. तू माझ्याशी जे केलंस तेच मी पाच आठवडे त्यांच्याशी करते आहे, फरक एवढाच की माझ्या पातेल्याला दोरा नाही.

तर आता कामाचं, शेवटी लिहायचं ते. जानेवारीचं रक्त होऊन जाऊ दे. आकडे उतरले तर मी कळवीन, न उतरले तरी कळवीन. त्यानंतर तुला यायचं असेल तर ये, पण हात हलवत ये. भिंगरी विचारेल, "मावशी, पाव?" तेव्हा तिला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही. तिला खरं पचतं, एवढं मी बघितलंय.

हे पत्र घडी घालून पाकिटात ठेवते आहे. वर तुझा पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय, पण पाकीट चिकटवलेलं नाही. दुकान बंद झालं की मी तिसऱ्या थांब्यावर उतरणार आहे आणि हे आधी सासूबाईंच्या हातात देणार आहे. त्यांना सांगेन, पूर्ण वाचा, आणि वाटलं तर पेटीत टाका, न वाटलं तर फाडून टाका. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं असेल, तर त्यांनी सगळं वाचलेलं आहे, आणि पाकीट त्यांनी बंद केलेलं आहे.

तुझी धाकटी